पोलादी कोठीचे पूर्वेकडचे दार

मी अमडापूरची पोलादी कोठी बोलते आहे. खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्याने आलात, तर गाव लागण्याच्या जरा आधी, बाभळींच्या वर डोके काढून सहा खांबांवर उभी असलेली जी गोल, उंच आकृती उन्हात लकाकताना दिसते, ती मीच. गावच्या सहकारी संस्थेच्या कागदांत माझे नाव बरेच लांबलचक आहे. गावातल्या बायकांनी ते एकदाच ऐकले, हसून सोडून दिले आणि आपापल्या घरांतल्या मातीच्या कोठ्यांच्या गोतात मला बसवले. मला ते नाते आवडले. या नात्यापायीच पुढे माझ्या जिवावर बेतले, तरीही आवडते.

माझ्या कथेत दोन शब्द वारंवार येतील, म्हणून ते आधीच स्वच्छ करून ठेवते. भार आणि दाब. बोलण्याच्या ओघात माणसे या दोहोंत फरक करीत नाहीत. टाकीत पाणी भरले, तर त्याचा भार तळावर जातो. भिंतींना सोसावा लागतो तो बाहेर ढकलणारा दाब. धान्याचा स्वभाव निराळा. दाणा दाण्याला धरून असतो आणि कडेचा दाणा भिंतीला धरून असतो. ज्वारी पोटात भरली की ती मला बाहेर ढकलतेच. शिवाय, जत्रेत लेकरे आईच्या लुगड्याला लोंबकळतात तशी ती माझ्या भिंतींना लोंबकळते, आणि आपल्या भाराचा मोठा वाटा माझ्या अंगावर टाकते.

पातळ पत्रा बाहेर ताणला गेला तर सहसा हार मानत नाही. त्याला भय असते ते उभ्याने दबण्याचे. ज्वारीचा वाळला धांडा जमिनीवर टेकवून वरून तळहाताने दाबून पाहा. तो बराच वेळ सरळ राहील, आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता मधूनच मुडपेल. माझ्या भिंतींची जाडी तुमच्या करंगळीच्या नखाहून थोडी अधिक, आणि माझ्या पोटात साडेसातशे पोती ज्वारी. यावरून माझी काळजी काय असेल ते ध्यानात यावे.

हे सारे मला मोतीरामने शिकवले. मला शिकवावे असा त्याचा हेतू नव्हता. गणित करताना मोठ्याने बोलण्याची त्याला सवय होती, इतकेच. माझा जन्म त्याच्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर, एका मोठ्या कागदावर झाला. अमरावतीला तंत्रशिक्षण घेऊन, चार वर्षे मुंबईकडच्या एका कारखान्यात टाक्यांचे आराखडे काढून, महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी तो गावी परतला होता. ओट्याच्या एका टोकाला तो सरकपट्टीवर आकडे जुळवीत बसे. दुसऱ्या टोकाला त्याची आई अन्नपूर्णाबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधीत बसे. मेथीची पाने उडून माझ्या कागदावर पडत. तो ती फुंकरीने दूर करी, आणि आईकडे न पाहताच हसे.

अमडापूरची ज्वारी तोवर पेवात राहत असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, आतून कडब्याने मढवलेला आणि वरून मातीने लिंपलेला खोल खड्डा. ज्या वर्षी पाऊस लांबे, त्या वर्षी पेवात ओल शिरे. ज्वारी काळवंडे आणि वर्षभर भाकरीला कुबट वास येई. मोतीराम दोन हिवाळे घरोघर फिरला. धान्य कोरडे राहील, कीड लागणार नाही, पेरणीचे बी वाया जाणार नाही, हे त्याने एकेका ओसरीवर बसून सांगितले. लोक ऐकून घेत. मोठे बागायतदार आणि संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांनी मान डोलावल्यावर मग इतरांनीही डोलावली.

एक मान मात्र डोलली नाही. कडूबा पेवे उघडणारा. पेव खणायचे, भरल्या पेवाचे तोंड फोडायचे, आतल्या कोंदट हवेत कंदील सोडून तो विझतो का पाहायचे, मग कमरेला दोर बांधून उतरायचे आणि धान्य उपसायचे, हे त्याचे पिढीजात काम. माझे पत्रे खामगावच्या स्थानकावरून घाट चढून गाड्यांतून आले, बोल्टांनी जोडत जोडत एकावर एक आठ वलये चढली, तळाला नरसाळे बसले, तेव्हा तो समोरच्या बांधावर बसून सगळे पाहत होता. शेवटी म्हणाला, "जमिनीतलं धान्य चोरालेही सापडत नव्हतं. हे त कोसभरावरून दिसून राह्यलं."

मोतीराम त्यावर रागावला नाही. चोरांना दिसते म्हणूनच राखणदार हवा, आणि धान्याची नाडी कळणारा माणूस गावात दुसरा कोण आहे, असे म्हणून त्याने कडूबालाच माझ्या राखणीला बसवले. पहिले आठ दिवस कडूबा माझ्याकडे पाठ करून बसे. नवव्या दिवशी उठला, आणि बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टकटक करीत माझ्याभोवती एक फेरी मारली. आत ज्वारी कोठवर आहे ते त्याने आवाजावरून अचूक सांगितले. त्यानंतर रोज सकाळची ती फेरी चुकली नाही. वैद्याने नाडी धरावी तसे ते त्याचे पेर माझ्या अंगावर पडे, आणि मला बरे वाटे.

पहिले वर्ष उत्तम गेले. डिझेल इंजिनावर फिरणारी बादल्यांची माळ माझ्या माथ्यावरून आत ज्वारी ओती आणि तळाच्या नरसाळ्याच्या तोंडातून ती बाहेर येई. नरसाळे बरोबर मध्यावर असल्याने ज्वारी चहूकडून सारखी खाली उतरे. माझे वर्तुळ वर्तुळच राही. वैशाखात बाहेर आलेली ज्वारी पौषात भरल्यासारखी पांढरीशुभ्र होती. बायका ती ओंजळीत घेऊन हुंगत आणि एकमेकींना दाखवत.

अडचण निराळ्याच ठिकाणी निघाली. नरसाळ्याचे तोंड माझ्या पोटाखाली, जमिनीपासून जेमतेम कमरेइतक्या उंचीवर होते. तेथे पोचायचे तर खांबांमधून वाकून जावे लागे. डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बाईने ती उतरवायची, ओणवे व्हायचे, धान्य घ्यायचे आणि तसेच ओणव्याने बाहेर यायचे. पुरुषांची पोती गाड्यांवर जात, हमाल ती ओढून काढत. हातातोंडापुरते धान्य दर आठवड्याला नेणाऱ्या साऱ्या बायकाच होत्या.

इकडच्या घरोघरच्या कोठीला पायथ्याशी, उगवतीच्या अंगाला, मूठभर तोंड असते. त्यात चिंधीचा बोळा. बाई बोळा काढते, खाली सूप धरते, हवे तेवढे धान्य घेते, बोळा परत बसवते. पिढ्यान्‌पिढ्या हेच. मला कोठी म्हटल्यावर माझ्याकडूनही बायकांनी तेच अपेक्षावे, यात त्यांचे काय चुकले?

एका बाजाराच्या दिवशी अन्नपूर्णाबाई माझ्या पोटाखालून बाहेर येताना तिचे कपाळ आडव्या पट्टीवर आपटले. तिने टोपली खाली ठेवली, कपाळ चोळले, आणि समोर उभ्या असलेल्या लेकाला विचारले, "काऊन रे मोतीराम, कोठीचं तोंड पोटाखाली राह्यते काय? तुह्या मायच्या कपाळाले दोनदा लागलं. शेजारच्या सत्यभामाबाईची त कंबरच धरली."

मोतीराम समजावू लागला की मध्यावरून धान्य घेण्याचेच गणित केले आहे.

"मी तुहं गणित मोडाले नाही सांगून राह्यली. उगवतीले एक दार ठेव म्हणते. गणित तुले येते ना? मंग दाराचंही कर."

मागे उभ्या बायका हसल्या. मोतीरामही हसला. पण त्या कपाळावर आलेले टेंगूळ तो पुष्कळ वेळ पाहत राहिला, हे मी पाहिले.

त्याने दाराचे गणित केले. त्याच ओट्यावर, तीन दिवस. पत्र्याला भोक पाडले की तेवढ्या जागेचा भार आजूबाजूला वळतो, म्हणून त्याने दाराला जाड पोलादी चौकट दिली. वर आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना उभे आधार. ती चौकट आजही मला निर्दोष वाटते. पहिल्या वर्षी मी अर्धीच भरले होते; ज्येष्ठात रिकामी झाले तेव्हा माझ्या पूर्वेच्या अंगात, खालून दुसऱ्या वलयात दार पडले आणि त्याला सरकती झडप बसली. पायऱ्यांचा एक उंच चौथरा बांधून त्यावर बायका ताठ उभ्या राहतील अशी सोय झाली. अन्नपूर्णाबाईने झडपेला हळदकुंकू लावले. मीही त्या दिवशी सुखावले होते, हे लपवत नाही.

दुसऱ्या वर्षी मी काठोकाठ भरले. चैत्रात दार उघडले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मला आत काहीतरी वेगळे जाणवू लागले. ज्वारी आता चहूकडून उतरेना. दाराच्या वरच्या अंगाने, पूर्वेच्या भिंतीला लागून, एक वाहती वाट तयार झाली होती. त्या वाटेतली ज्वारी सैल, भिंतीला आधार न देणारी; उरलेली सारी पश्चिमेकडे घट्ट बसून तेथून मला ढकलणारी. एका अंगाला दाब थोडा, दुसऱ्याला पुष्कळ. माझे वर्तुळ अंड्यासारखे होऊ पाहत होते. आणि लोंबकळणाऱ्या ज्वारीचा भार तर तसाच खांद्यावर होता. आतून सारखा रेटा असला की पातळ भिंत त्या भाराखालीही ताठ राहते. तो रेटा सुटलेल्या जागी तिला टेकायलाच काही नसते.

मला बोलता येत नव्हते. उन्हे चढली की मी कुरकुरत असे, एवढेच.

कडूबाने ते ऐकले. एका सकाळच्या फेरीनंतर तो मोतीरामला घेऊन आला आणि म्हणाला की हिचा उगवतीचा आवाज मला आवडत नाही. मोतीरामने दाराची चौकट पाहिली, एकेक बोल्ट किल्ली लावून तपासला, माझ्या अंगावर तळवा ठेवून उभा राहिला. ज्वारी पूर्वेकडून निघते, म्हणून तिकडे पोकळ वाजणारच, असे म्हणाला. चौकट तर जागची हललेली नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याने काढले होते, त्याच प्रश्नाचा ताळा तो पुन्हा पुन्हा घेत होता. दुसरा प्रश्न त्याला दिसलाच नव्हता.

वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला मी मुडपले. रिकाम्या डब्यावर गुडघा पडावा तसा आवाज झाला, आणि दाराच्या वर, चौथ्या वलयात, दोन हात लांब आणि वीतभर खोल असा आडवा पोचा पडला. चौथऱ्यावर अन्नपूर्णाबाईच होती. तिने टोपली टाकली, मागच्या दोघींना दंडांना धरून खाली ओढले, आणि कडूबाने धावत येऊन झडप लोटली.

माझ्या पोटात तेव्हा पाचशे पोती ज्वारी होती. गावाची दिवाळीपर्यंतची भाकर तीत होती, पेरणीचे बी तीत होते, आणि पेवे तर लोकांनी मोतीरामच्या शब्दावर बुजवून टाकली होती. मी कोसळले असते, तर ती सारी ज्वारी मातीत गेली असती. आणि पाऊस महिन्यावर आला होता.

भगवानरावांनी घाईने सुचवले की बाजूचे आणि खालचे, दोन्ही दरवाजे उघडावे आणि होईल तितक्या लवकर कोठी रिकामी करावी. लोकांनाही ते पटले. माणसे पोती आणायला धावलीदेखील. मोतीराम माझ्या पायथ्याच्या काँक्रीटवर उकिडवा बसून खडूने वर्तुळ काढीत होता. पश्चिमेकडे लांब बाण, पूर्वेकडे आखूड. ते बाण काढताना त्याचा हात थांबला. त्या क्षणी त्याला दुसरा प्रश्न दिसला, हे मला त्याच्या मानेवरून कळले.

तो उठला आणि म्हणाला की एकही दार उघडायचे नाही. बाजूचे उघडले तर तीच वाट पुन्हा वाहील. खालचे उघडले, तर बसलेले धान्य हलताक्षणी भिंतीला जो हिसका देईल, तो मुडपलेला पत्रा सोसणार नाही.

"दाणा जागचा हालू द्याचा नाही," तो म्हणाला.

"अन् मंग काढाचा कसा? मंत्रानं?" भगवानरावांनी विचारले.

उत्तर कडूबाने दिले. "वरून. पेवातून काढतो तसा." मग मोतीरामकडे वळून म्हणाला, "इतका शिकला साहेब, अन् शेवटी पेवातच आला."

कोणाला हसू आले नाही. मोतीरामला मात्र आले. त्याने कडूबाचा हात धरला आणि विचारले की पेव उपसताना एका बाजूने उकरतात का. कडूबाने मान हलवली. "एका अंगानं उकरलं त दुसरं अंग आंगावर येते. चहूकडून सारखं घ्या लागते. ताटातली खिचडी सपाट करतो ना, तसं."

ओट्यावरच्या गणितात जे राहून गेले होते, ते या माणसाला गुडघ्यांनी ठाऊक होते.

माझ्यावर आणखी भार नको, म्हणून माझ्याभोवती बांबूंची परांची उभारायची ठरली, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. गावात बांबू पुरेना. अन्नपूर्णाबाईने मळ्यातला कारल्यांचा मांडव सोडला. कारली लागलेली होती. तिने वेल बाजूला सारून गाठी सोडल्या आणि बांबू गाडीत घातले.

चार दिवस लागले. कडूबा कमरेला दोर बांधून माथ्यावरच्या झाकणातून आत उतरला, बरोबर चार माणसे. कडेकडेने फिरत, एकेक थर सारखा करीत, तो ज्वारी टोपल्यांत भरी; परांचीवरच्या कप्पीने टोपल्या वर येत आणि बाहेरून खाली जात. खाली बायकांची रांग ती घरोघरच्या कोठ्यांत आणि संस्थेच्या ओसरीवर पोचवी. बाहेर मोतीराम माझ्या पोच्याभोवती खडूची रेघ आखून तिच्यासमोर बसून होता. पत्रा आणखी मुडपला, तर आतल्यांना बाहेर काढायला त्याच्यापाशी किती क्षण असतील, हे त्याने कोणाला सांगितले नाही. मला ठाऊक होते. फार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या एका माणसाने उन्हाला कंटाळून, कप्पीच्या दोराजवळच सोयीने उकरायला घेतले. रेघेच्या बाहेर पोचा बोटभर सरकला. मोतीराम ओरडला. चौघे वर आले. कडूबा आला नाही. आतून त्याचा आवाज आला, "थांब. हा खड्डा बुजवतो अन् मंग येतो." एकटा माणूस तळव्यांनी ज्वारी लोटत होता. अन्नपूर्णाबाई रांग सोडून लेकाजवळ आली आणि त्याच्यासारखीच रेघेकडे पाहत उभी राहिली. मी जितकी ताठ राहू शकत होते, तितकी राहिले. पोचा पुढे सरकला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्वारीची पातळी पोच्याच्या खाली उतरली. तेवढ्या अंगावर आता लोंबकळणारे काही उरले नव्हते. मोतीराम होता तेथेच मातीत बसला.

धान्य वाचले, पण सभा राहिली होती. संस्थेच्या ओसरीवर गाव जमले तेव्हा प्रश्न एकच होता: पुन्हा पेवे खणायची, की हिला ठेवायची. पेवे खणली असती, तर मोतीरामचे दोन हिवाळ्यांचे फिरणे, आणि त्याच्या शब्दाला आलेली किंमत, दोन्ही त्या खड्ड्यांत जाणार होती. भगवानरावांनी त्याला वाचवण्याचा मार्ग आधीच काढून ठेवला होता. कारखान्याचा पत्रा कच्चा निघाला असे लिहू, म्हणाले. कोण तपासायला येतो?

अन्नपूर्णाबाई बायकांतून उठली. दार मी मागितले, दोष माझा आहे, असे सांगून ती उभीच राहिली.

मोतीराम आपल्या जागेवरून म्हणाला, "माय, तू बस. दार तुवा मागितलं ते बरोबरच होतं. तुले वाकावं लागत होतं. पत्राही चांगला होता, वाकला तरी फाटला नाही. मी भोकाचं गणित केलं, धान्य कसं वाहील ते पाह्यलंच नाही. चूक माही आहे. तशीच लिहा."

मग कडूबाने घसा खाकरला.

"माह्या हातून सात पेव खचले. दर खेपी आम्ही सांगितलं, ओल आली, देवाची मर्जी. आपलं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, अन् माह्या बापानंही नाही. ज्याले आपलं कोठं चुकलं ते माहीत आहे, त्याच्याच हातानं नीट करून घ्या. मी पेव खणणार नाही."

पेव खणणाराच नकार देत असता सभा आणखी काय ठरवणार?

माझा मुडपलेला पत्रा काढून तेथे नवा बसला. पूर्वेकडचे दार पोलादी पट्टीने कायमचे बंद झाले. आणि बायकांना वाकावे लागू नये, म्हणून मोतीरामने माझ्या खांबांच्या पायाची खोली पुन्हा मोजून, पोटाखालची जमीन उतार देत अडीच हात खाली नेली. आता त्या ताठ उभ्या राहून, मध्यावरच्या तोंडातून धान्य घेतात. अन्नपूर्णाबाईने पहिल्या दिवशी कपाळावर हात ठेवून, वर पाहत, सावकाश आत येऊन खात्री करून घेतली. यंदाच्या पौषात मी पुन्हा काठोकाठ भरले. पूर्वेच्या अंगावर नव्या पत्र्याचा रंग थोडा निराळा दिसतो, एवढीच खूण.

मोताळ्याच्या शेतकऱ्यांनी आता माझ्यासारखी एक कोठी मागितली आहे. मोतीराम काल तिकडे गेला. गाडीत त्याने नकाशांच्या गुंडाळीआधी तो पोचा पडलेला पत्रा घातला. कडूबाने विचारले, हे भंगार कशाला. मोतीराम म्हणाला की सभेत आधी हे दाखवायचे, मग नकाशा.

मोताळ्याच्या बायाबापड्यांनो, तो पत्रा माझ्याच अंगाचा आहे. त्याच्यावरून निःशंक हात फिरवा. त्याची धार बोथट करून ठेवली आहे. तुमच्या डोक्यावरच्या टोपलीला कोठे अडते, कोणाची कंबर धरते, ते या माणसाला न संकोचता सांगा, कारण तो ऐकतो. मात्र सांगून झाले की लगेच दार पाडायला लावू नका. त्याला तुमच्या ओट्यावर बसू द्या, चार दिवस अधिक लागले तरी लागू द्या, आणि तो मोठ्याने आकडे बोलू लागला की जवळ बसून मेथी निवडत राहा. तुमच्याकडे उभ्या राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला त्या आवाजातच आपले अंग ओळखता येईल.